अकरावीचा फॉर्म आणि प्रबोधिनीचं दार

(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी व पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे 'विद्यार्थी मार्गदर्शन'. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात उभं आयुष्य गेलं. नववीला गणितात नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही वाचलं, शिकलो ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि याच विहाराच्या वाचनालयात. तेव्हा मार्गदर्शन असा मोठा शब्द आम्ही वापरणार नाही. एका फॉर्मची गोष्ट सांगणार आहोत. त्या फॉर्मवर पालकाची सही आमची होती, म्हणून ती सांगायचा आम्हाला हक्क आहे, आणि थोडी लाजही आहे.

पहाटे पहिल्या पाळीला जाताना मैदानावरून जावं लागतं. पाच-साडेपाचला आपल्या वस्तीची वीस-पंचवीस पोरं तिथं धावत असतात. थंडी असो, पाऊस असो. भरतीची तयारी चालू असते. सोळाशे मीटर किती मिनिटांत, पुलअप्स किती, छाती किती फुगते हे त्यांना तोंडपाठ आहे. बघून बरं वाटतं. २०२२ साली अग्निपथ योजना आली, चार वर्षांचीच नोकरी झाली, तरी पोरांनी धावणं सोडलं नाही. पण या पोरांना आम्ही एकदा विचारलं, "तुमच्यातला अधिकारी होण्यासाठी कोण तयारी करतोय?" तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "काका, ते एनडीएवाल्यांचं काम. त्याला गणित लागतं."

बघा, त्या पोराला नेमकं कारण माहीत होतं. त्याला गणित लागतं, एवढं खरं आहे. पण ते गणित कधी घ्यायचं, कुठलं घ्यायचं, आणि कधी हातातून जातं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

सैन्य आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला. पुढे आपल्या लोकांची भरती बंद झाली, परत सुरू झाली, परत बंद झाली, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. हा इतिहास आपण दर वर्षी ऐकतो, तो परत सांगत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. शिपाई, हवालदार, सुभेदार ही एक वाट आहे, आणि लेफ्टनंट होऊन आत जायची वाट वेगळी आहे. पहिल्या वाटेवर पाय लागतात. दुसऱ्या वाटेवर पाय लागतातच, पण आधी एक लेखी पेपर लागतो. आपल्या घरांतून सुभेदार पुष्कळ निघाले. लेफ्टनंट किती निघाले, हे ज्याचं त्याने आपापल्या नात्यागोत्यात मोजावं.

आता मुद्द्यावर येतो. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिलाच आपण एनडीए म्हणतो. भूदल, नौदल, हवाई दल या तिन्ही दलांचे होणारे अधिकारी तिथं तीन वर्षं एकत्र शिकतात आणि पदवी घेऊन पुढच्या प्रशिक्षणाला जातात. परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावी झालेला किंवा बारावीला बसलेला मुलगा अर्ज करू शकतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि मुलींना परीक्षेची फी नाही. पण सवलत तिथंच संपते. जागांमध्ये आरक्षण नाही, वयात सूट नाही. आम्ही हे तक्रार म्हणून सांगत नाही. तयारी किती लागेल याचा अंदाज यावा म्हणून सांगतो.

जाहिरातीत पात्रतेचं एक वाक्य असतं. भूदलासाठी बारावी पास, शाखा कुठलीही चालेल. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित पाहिजे. या वाक्यातला पहिला भाग लोक मोठ्याने वाचतात आणि दुसरा गिळतात. "कुठलीही शाखा चालते" हे ऐकून आपली किती पोरं गाफील राहिली असतील! कारण शाखा कुठलीही असो, पेपर सगळ्यांना एकच आहे. नऊशे गुणांची लेखी परीक्षा, त्यातले तीनशे गणिताचे आणि सहाशे सामान्य क्षमतेचे. गणिताच्या पेपरात अडीच तासांत १२० प्रश्न. कलाशाखेचा मुलगा अर्ज भरू शकतो, हॉलमध्ये बसू शकतो, पण समोर येतं ते विज्ञानशाखेचं अकरावी-बारावीचं गणित. पात्रता एक सांगते आणि पेपर दुसरंच मागतो.

हे आम्हाला कसं कळलं, ते आता सांगतो.

आमच्या धाकट्या भावाचा मुलगा. दहावीला ८१ टक्के. वाचनाचा नाद एवढा की विहारातला पेपर आधी त्याच्या हातात, मग आमच्या. विमानाचं वेड. आकाशात आवाज आला की हा गॅलरीत. दहावी झाल्यावर भाऊ बाहेरगावी कामाला होता, म्हणून अकरावीच्या प्रवेशाचं आमच्याकडे आलं. ओळखीचे एक क्लासवाले होते. ते म्हणाले, "सायन्स घ्या, पण गणित टाळा. गणिताने टक्के खाली येतात. बायोलॉजी घ्या, चौथा विषय भूगोल घ्या, टक्केवारी मस्त येईल. आणि सैन्यात जायचं म्हणतोय ना, तिथं कुठलाही विषय चालतो." आम्हाला ते पटलं. खरं सांगायचं तर आम्हाला स्वतःलाच गणिताची भीती होती, आणि आपली भीती आपण पोराच्या फॉर्मवर उतरवली. त्या क्लासवाल्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्षी गणित घेऊन सायन्सला बसला होता, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

पोरगं बारावीत असताना एनडीएचा अर्ज भरायला बसलं. थोड्या वेळाने उठून आलं आणि म्हणालं, "काका, मला फक्त आर्मी भरता येतंय. एअर फोर्सला माझे विषय बसत नाहीत." आम्ही म्हणालो, "अरे, आर्मी तर आर्मी." तो काही बोलला नाही.

२०१९ साली त्याने पेपर दिला. निकाल आल्यावर गुण पाहिले. सामान्य क्षमतेत सहाशेपैकी ३१८. चांगले गुण आहेत हे, तयारी केलेल्यांनाही सहज पडत नाहीत. गणितात तीनशेपैकी ३०. कसे पडले तेही बघा. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर त्याचा तिसरा हिस्सा कापतात, म्हणजे ०.८३. याचे २२ बरोबर आले, म्हणजे ५५. अंदाजाने टाकलेले ३० चुकले, म्हणजे जवळजवळ २५ गेले. उरले ३०. एकूण बेरीज ३४८ झाली. लेखीची रेषा गेल्या काही वर्षांत नऊशेपैकी तीनशे-साडेतीनशेच्या आसपास राहिली आहे. त्या वर्षी बेरजेने तो रेषेच्या वर होता. पण आयोग प्रत्येक पेपरात वेगळी किमान टक्केवारीही ठरवतो, ती बहुधा वीस-पंचवीस टक्के असते. पंचवीस टक्के म्हणजे गणितात ७५ पाहिजेत. बेरीज पास आणि माणूस नापास! गिरणीत असं कधी कधी होतं, सूत वजनाला बरोबर असतं पण मध्येच एक जागा कच्ची निघते आणि सगळं बंडल परत येतं.

मग त्याने घरी बसून अकरावीचं गणित हातात घेतलं. एकट्याने त्रिकोणमिती, एकट्याने लिमिट. आम्ही रात्रपाळीहून यायचो तेव्हा दिवा चालू असायचा. पण तोवर वय सरकत होतं. साडेएकोणिसाव्या वर्षी ते दार बंद झालं. दाराने आवाजही केला नाही.

दहावी पास झालेल्या मुलांच्या आया-बापांनो, म्हणून आधी विषयांचं बोलू.

सायन्स घेणार असाल आणि प्रबोधिनी डोक्यात असेल, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे तिन्ही ठेवा. चौथा विषय कुठलाही घ्या. आवड असेल तर बायोलॉजी घ्या, कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर ते घ्या. ज्यांचं अजून ठरत नाही, डॉक्टर की फौजी, त्यांनी गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्यावीत. ओझं होतं, नाही म्हणत नाही. पण हातातला विषय पुढे मागे ठेवता येतो. नसलेला विषय मागाहून आणायचा म्हणजे वर्ष जातं, आणि या परीक्षेत वर्षच तर मोजून मिळालेलं आहे.

गणिताने फक्त प्रबोधिनीच उघडते असं नाही. बारावीला हे तीन विषय असतील तर भूदलाची टेक्निकल एंट्री आहे. त्यात तीन विषयांत मिळून ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली पाहिजे. आयोगाचा लेखी पेपर नाही, सरळ मुलाखत मंडळापुढे जायचं. ती मात्र मुलांसाठीच आहे. नौदलाची बी.टेक.ची प्रवेश योजना आहे, तिला तीन विषयांत ७० टक्के लागतात आणि तीही जेईईच्या क्रमांकावर चालते. आमच्या पुतण्याच्या फॉर्मवर भूगोल लिहिला तेव्हा ही दोन्ही दारं त्याच क्षणी गेली. आम्हाला तेव्हा त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

आता अकरावीबद्दल एक कळकळीचं सांगणं. आपल्याकडे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष समजतात. बोर्ड नाही, निकाल कोणी विचारत नाही. पण एनडीएच्या अभ्यासक्रमाची यादी घेऊन बसा आणि आपल्या बोर्डाची दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. संच, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, श्रेढी, सरळ रेषा, वर्तुळ, निश्चयक, संभाव्यतेची सुरुवात, हे सगळं अकरावीतलं आहे. बारावीतून येतात सारण्या, सदिश, त्रिमितीय भूमिती, विकलनाचे उपयोग, संकलन, विकल समीकरणं. ज्याने अकरावी झोपून काढली, त्याने पेपरचा मोठा भाग झोपून काढला.

दोन्ही पुस्तकं सारखीही नाहीत. बारावीच्या पुस्तकात तर्कशास्त्राचं प्रकरण आहे, रेषीय प्रोग्रॅमिंगचं आहे. बोर्डासाठी ती करावीच लागतात, पण एनडीएच्या यादीत ती नाहीत. उलट द्विमान संख्यापद्धती, म्हणजे शून्य आणि एक एवढ्यावरच आकडे लिहायची रीत, ती एनडीएला येते. सहसंबंध आणि समाश्रयण ही सांख्यिकीची प्रकरणंही येतात. ती तुम्हाला गंमत म्हणजे कॉमर्सच्या गणिताच्या पुस्तकात सापडतील. शेजारच्या कॉमर्सवाल्या मुलीचं पुस्तक चार दिवस मागून घ्या, विकत घ्यायची गरज नाही.

कॉमर्सचं निघालंच म्हणून सांगतो. कॉमर्सला फॉर्मवर एक निवड येते, एस.पी. घ्यायचं की मॅथ्स. नव्वद टक्के पोरं एस.पी. वर खूण करतात, असा आमचा आपला अंदाज. कारण काय, तर सोपं आहे. ज्याला भूदलाच्या जागेसाठी बसायचं आहे त्याने मॅथ्स घ्यावं. त्यात संमिश्र संख्या येतात, विकलन-संकलन येतं, संभाव्यता येते. त्रिकोणमिती आणि सदिश मात्र त्यात नाहीत, ते वेगळे बसून करावे लागतील. कलाशाखेतही काही कॉलेजांत गणित हा विषय घेता येतो. कॉलेजच्या खिडकीवर "आर्ट्सला गणित कशाला?" असं कोणी विचारेल. त्याला उत्तर द्यायचं नाही, फॉर्मवर खूण करायची.

भाषेचाही एक मुद्दा आहे. आपली पोरं बहुतेक मराठी माध्यमाची. अकरावीला सायन्स एकदम इंग्रजीत येतं आणि हुशार पोरगंसुद्धा दोन महिने मुकं होतं. एनडीएचा पेपर इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत छापलेला असतो. काहीजण म्हणतात, हिंदी वाचू. पण हिंदीत ज्याला अवकलन म्हणतात ते आपलं विकलन, आणि त्यांचं समाकलन ते आपलं संकलन. तेव्हा तीन भाषांच्या भानगडीत न पडता अकरावीच्या पहिल्या दिवसापासून इंग्रजी शब्दांची वही घालावी. एका पानावर इंग्रजी शब्द, शेजारी मराठी, खाली एक उदाहरण. ही वही आमच्या पुतण्याने घातली होती, पण दोन वर्षं उशिरा. ती आज विहारात ठेवली आहे, कोणालाही नेता येईल.

आता कोणी म्हणेल, बंदूक चालवायला त्रिकोणमिती कशाला? आम्हालाही असंच वाटायचं. गिरणीत आम्ही नवीन होतो तेव्हा ४० नंबरचं सूत, ६० नंबरचं सूत असं ऐकायचो. नंबर म्हणजे काय हे कोणी सांगत नसे. पुढे कळलं की ८४० यार्डांची एक लडी, आणि एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तेवढा नंबर. सुताला इंचाला किती पीळ द्यायचा हे नंबरच्या वर्गमुळावर ठरतं. गुणक चार धरला तर ३६ नंबरला वर्गमूळ सहा, गुणिले चार, म्हणजे इंचाला २४ पीळ. ६४ नंबरला आठ चोक ३२. जॉबरला हे आकडे पाठ होते, पण का ते माहीत नव्हतं. मधला नंबर आला की तो साहेबाकडे धावायचा. नववीला वर्गमुळावर मार खाल्लेला माणूस तिशीत मशीनवर उभा राहून वर्गमूळ शिकला. ज्याला पाठ होतं तो जॉबर राहिला आणि ज्याला काढता येत होतं तो साहेब झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

सैन्यातही तसंच आहे. तोफखान्यात वर्तुळाचे ३६० अंश न धरता ६४०० भाग करतात, त्या भागाला मिल म्हणतात. का? तर एक मिल कोन फिरला की एक किलोमीटरवर साधारण एक मीटरचा फरक पडतो. गोळा पाच किलोमीटरवर ५० मीटर उजवीकडे पडला, तर तोफ १० मिल डावीकडे. हा हिशेब डोक्यातल्या डोक्यात, गोळीबार चालू असताना करायचा असतो. विमानाला वारा एका बाजूने ढकलतो आणि इंजिन दुसऱ्या दिशेने ओढतं, तेव्हा नाक कुठं धरायचं हा सदिशांचा त्रिकोण आहे. जहाजाचंही तेच. परीक्षेतलं गणित ही नुसती चाळण नाही, पुढच्या कामाचं हत्यार आहे. प्रबोधिनीत गेल्यावरही विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पदव्यांना ते सुटत नाही.

पण एक भ्रमही काढून टाकतो. गणितात शंभर टक्के मिळाले म्हणून कोणी अधिकारी होत नाही. लेखीचे नऊशे आणि पुढे निवड मंडळाचे नऊशे. ती मुलाखत चार-पाच दिवस चालते. तिथं बोलणं, गटात काम करणं, अडचणीत डोकं चालवणं, सगळं बघतात. गणिताने फक्त त्या फाटकापर्यंत पोचता येतं. धावणारी पोरं त्या पाच दिवसांत कमी पडणार नाहीत असं आम्हाला वाटतं. ती कमी पडतात त्या अडीच तासांत.

ज्यांची बारावी गणिताशिवाय झाली आहे, त्यांनी इथून निराश होऊन उठू नये. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे, तीही आयोगच घेतो. डेहराडूनच्या सैनिकी अकादमीसाठी कुठलीही पदवी चालते, आणि तिथला गणिताचा पेपर शंभर गुणांचा, दहावीच्या पातळीचा. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा, भूमिती, उंची आणि अंतर. गिरणीच्या चिमणीची उंची तिच्या सावलीवरून काढायची, तसलं. अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी तर गणिताचा पेपरच नाही. बी.ए. करणाऱ्याने फक्त दहावीचं गणित गंजू देऊ नये, आठवड्यातून दोन संध्याकाळ पुरे. पण विमान उडवायचं असेल तर पदवीनंतरही बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र विचारतातच. आणि ज्याला गणिताचीच गोडी लागली त्याने पुढे एम.एस्सी. करावं, नौदलाच्या शिक्षण शाखेत तसल्या माणसांना अधिकारी म्हणून घेतात.

आमच्या पुतण्याने सीडीएस दिली. लेखी एकदा पास झाला. मुलाखत मंडळाने परत पाठवलं. आज तो एका खाजगी कंपनीत वसुलीच्या कामावर आहे. नोकरी वाईट नाही. विमानाचा आवाज आला की आता तो गॅलरीत जात नाही, एवढंच.

मुलींच्या आयांना मुद्दाम सांगतो. हे आता मुलांपुरतं राहिलेलं नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू दिलं. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. जागा अजून मोजक्याच आहेत. पण आपल्याकडे दहावीनंतर मुलीला "तुला कशाला गणित" म्हणून पहिला विषय तोच कापतात. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, दहावीला गणितात ९४. तिच्या आईने परवा विचारलं, "दादा, हिला आर्ट्सला टाकू का? कॉलेज जवळ पडेल." आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. एकदा घाईने सही केलेला माणूस आहे हा. तिला एवढंच म्हटलं, "ताई, आधी पोरीला विचारा." मुलीने सांगितलं, सायन्स, गणित घेऊन. आता बसभाड्याचा प्रश्न आहे. तो समितीने आजच्या बैठकीत घ्यावा अशी आमची विनंती आहे.

सरकारी सोयही आहे, ती आपल्या वस्तीत कोणाला माहीत नसते. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर मुलांना निवडून अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथंच करून घेतात. २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली. दोन्हीकडे प्रवेश परीक्षेत गणित असतं, आणि अर्ज दहावीच्या वर्षातच भरावा लागतो. म्हणजे खरी तयारी आठवी-नववीपासून. सातारची सैनिक शाळा १९६१ ची, तिथं तर सहावीपासून प्रवेश.

विहारात गेल्या जूनपासून संध्याकाळी सात ते नऊ गणिताचा वर्ग चालू आहे. इंजिनिअरिंगला शिकणारी आपलीच दोन मुलं शिकवतात, पैसे घेत नाहीत. पहिल्या दिवशी अकरा जण आले, दिवाळीपर्यंत सात राहिले. चार का गेले हे विचारायला आम्ही घरी गेलो होतो. दोघांना संध्याकाळचं काम लागलं होतं. एकाच्या घरी वडिलांची दारू. एक म्हणाला, "सर इंग्रजीतून प्रश्न विचारतात, मला लाज वाटते." त्याच्यासाठी आता पहिला अर्धा तास मराठीतून घेतो, आणि तो परत यायला लागला आहे. फळा एकच आहे, तोही तडकलेला. दानपेटीत कोणाला काही टाकायचं असेल तर फळ्यासाठी म्हणून वेगळं सांगून टाकावं.

मैदानावर धावणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे. धावणं थांबवू नका. साडेपाच ते साडेसहा धावा, सात ते साडेसात चार गणितं सोडवा, मग कॉलेजला जा. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मोबाइल तर सगळ्यांच्या खिशात आहे. घड्याळ लावून सोडवा. अडीच तासांत १२० म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट, आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. येत नसेल तो प्रश्न सोडून पुढे जा, अंदाजाने ठोकू नका, त्याचे गुण कापतात. आमच्या पोराने ३० ठोकले होते.

यंदा अकरावीला जाणाऱ्या मुलांचे पालक, येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता विहारात बसणार आहोत. शिकवणारी दोन्ही मुलं असतील, आम्हीही असू. येताना दहावीचं गुणपत्रक आणायचं, अकरावीच्या अर्जाची झेरॉक्स आणायची, आणि पोराला किंवा पोरीला बरोबर आणायचं. त्यांच्याशिवाय आलेल्या पालकांना परत पाठवू.

जय भीम!